पौषातली शर्यत आणि कानांतले बोळे

सकाळचे साडेसहा. पौष महिना. दापोडीचा घाट, पाण्यावर धुकं, काठावर पिंपरीच्या एका कंपनीचा मांडव. पोहण्याची शर्यत.

वार्ताहराकडे असले किस्से न मागता साठतात. पूर्वी मित्रांत हसत सांगायचो. आता हसू येत नाही, तरी सांगतो.

तानाजी इथल्याच जुन्या गावातला. शेत कंपनीखाली गेलेलं. तीन वर्षं ओळीने पहिला येणाऱ्याला कंपनीत कायमची नोकरी, म्हणून तो पोहायचा. हिवाळ्यात पाण्यात उतरताना इथले लोक कानांत तिळाच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे घालतात. तानाजीच्या आईनेही घातले होते.

शर्यतीचे सेक्रेटरी म्हणाले, "बोळे काढा. शिट्टी ऐकू येणार नाही, मग तक्रारी करत बसाल."

"सायब, शेजारच्याला बघून उडी मारीन की. कान तेवढे ऱ्हाऊ द्या."

"ही शर्यत आहे, लग्नाची पंगत नव्हे."

कंपनीचे डॉक्टर बॅटरी घेऊन रांगेतून फिरले आणि एकेकाचा कान तपासत बोळे काढत गेले. तानाजी पहिला आला. संध्याकाळी त्याचा उजवा कान वाहू लागला.

*

मी बातमी लिहिली: गार पाण्याने पोरांचे कान जाताहेत, बोळे घालू द्या.

संपादकांनी ती परत केली. "अहो, कान फुटणं ही बातमी आहे का? बक्षिसाची ढाल कुणी नेली ते लिहा."

मी भांडलो. ढालीची बातमी फोटोसकट छापून आली.

*

पुढच्या पौषात सेक्रेटरींना घाटावरच गाठलं. अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी.

"साहेब, कानटोपी कशाला?"

"वारा फार बोचतो हो."

पाण्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "तरुण रक्त आहे त्यांचं."

तानाजी पुन्हा पहिला. आता दोन्ही कान वाहत होते.

*

तिसऱ्या वर्षी शिट्टी झाली, सगळे पाण्यात पडले, तानाजी काठावरच. शेजारची जागा रिकामी दिसली तेव्हा त्याने उडी टाकली. तरीही पहिला आला.

बक्षिसाला नाव पुकारलं. तो उठेना. पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चॅम्पियनला मिजास आलीय राव." मांडवभर हशा. शेवटी आईने दंडाला धरून उठवलं.

"जा रं, तुलाच बोलावत्यात."

*

नोकरीआधी डॉक्टरी तपासणी. तानाजी म्हणाला, "दादा, तुमी संगट चला. कुनी काय इचारलं तर मला सांगा." गेलो.

डॉक्टर तेच. त्यांनी तानाजीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हळू आवाजात आकडे म्हटले. मग जरा मोठ्याने. मग खुर्ची सोडून दोन पावलं पुढे येऊन.

तानाजी ताठ उभा. नवा सदरा, केसांना तेल. बऱ्याच वेळाने भिंतीकडेच बघत अदबीने म्हणाला, "सायब, कवा सुरू करताय?"

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं: कानाने अनफिट.

यंदाच्या पौषात मी पुन्हा घाटावर होतो. बऱ्याच जणांना शिट्टी ऐकू येईना, म्हणून शर्यत लाल निशाण दाखवून सुरू केली. त्याआधी डॉक्टर बॅटरी घेऊन रांगेतून फिरले आणि एकेकाच्या कानातले बोळे काढत गेले.