अठ्ठेचाळीस दात

मामंजींना कुठलंही चाक दिसलं की आधी ते त्याचे दात मोजायचे. रसाच्या चरकाचे, सायकलचे, घड्याळाचे. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याच्या नखाने. नख एकेका दातावरून टक टक पुढे सरकायचं, चाक पुरं झालं की आकडा सांगायचे. तो आकडा चुकलेला मी कधी पाहिला नाही. वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. आम्ही कोलशेतचे, वडील मिठागरावर मुकादम. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तर मुलाचा बाप माझ्याकडे पाठ करून आमचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ उघडून बसलेला. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाले, "एक दात पडलाय. बाकी सगळं चांगलं आहे." आईला वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत. ती घाईघाईने म्हणाली, "नाय नाय, पोरीचे सगले दात हायेत." सगळे हसले, मामंजी सोडून. घड्याळ ते सोबत घेऊन गेले आणि लग्नाच्या दिवशी दुरुस्त करून परत आणलं. आहेर म्हणाल तर तोच.

ठाण्याला नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई आधीच गेलेल्या. मामंजी स्टेशनजवळच्या एका गॅरेजात फिटर आणि आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. घरात दुसरी बाई नव्हती, त्यामुळे सासऱ्याशी न बोलण्याची चाल मला पाळता आली नाही. दाराआडून बोलावं म्हटलं तर दाराआड चूल होती. मामंजींना मात्र चाकांखेरीज विषय नव्हता. जेवतानासुद्धा ताटात वाटी गोल फिरवून बघायचे. आमटी सांडायची. पुसायची मी.

लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांचा अपघात झाला. कसाऱ्याचा घाट चढताना भरलेला ट्रक दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात टाकायचा होता. दुसरा सुटला आणि पहिला पडलाच नाही. ट्रक मागे गेला, उलटला. ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हॉस्पिटलात येणारा प्रत्येकजण नशिबाला बोल लावत होता. मामंजी म्हणाले, "माणसाने का शोधत बसायचं? कुठला गिअर पाहिजे ते गाडीला स्वतःला कळलं पाहिजे." मला त्यांचा राग आला. पोटच्या पोराचा पाय गेला आणि हा माणूस गाडीला अक्कल शिकवतोय.

हे आधी कुबडीवर आणि मग लाकडी पायावर चालायला लागले. गाडी चालवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. मामंजी त्यांना लायसन्सच्या साहेबाकडे घेऊन गेले. साहेबाने पाय बघितला आणि विचारलं, क्लच कुठल्या पायाने दाबणार? मग जरा हसून म्हणाला, "क्लच नसलेली गाडी घेऊन या, लगेच देतो." त्याने ते घालवून देण्यासाठी म्हटलं होतं. मामंजींनी काम सांगावं तसं ते ऐकून घेतलं. घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, साहेब तयार आहे."

अशी गाडी असते हे त्यांनी पाहिलेलं होतं. मुंबईच्या कुणा शेठची अमेरिकन गाडी गॅरेजात आली होती. तिला क्लचच नव्हता. क्लचच्या जागी तेलात बुडालेले दोन पंखे, एक तेल ढवळणार आणि त्या तेलाने दुसरा फिरणार. पण गिअरच्या पेटीत वेग दोनच. घाटात ती तापली, आतलं सगळं जळलं. शेठने साधी पेटी बसवून घेतली आणि जळकी भंगारात टाकली. गॅरेजच्या मालकाने ती मामंजींना घेऊ दिली, वर आपली एक जुनी गाडीही वापरायला दिली. चालली तर दत्तूलाच तिच्यावर ठेवीन, असं त्याने ह्यांच्याबद्दल सांगितलं. मामंजींनी पेटी उघडून दात मोजले आणि म्हणाले, "दोन वेगांत घाट चढत नाही. तिसरा पाहिजे."

त्या पेटीत काय असतं ते मला बांगडीमुळे कळलं. एक दिवस त्यांनी बांगडी मागितली. हातातली काढायची नसते म्हणून मी डब्यातली दिली. त्यांनी पाटावर बांगडी ठेवली, मधोमध एक मोठी सुपारी आणि भोवती तीन लहान. बांगडी म्हणजे बाहेरचं चाक, त्याचे दात आतल्या बाजूला. मध्ये एक चाक, आणि दोघांच्या मध्ये फिरणारी तीन धाकटी. सगळी कायम एकमेकांत अडकलेली. कुणी सुटत नाही, कुणाला शोधावं लागत नाही. बांगडी धरून ठेवली की एक वेग, मधलं धरलं की दुसरा, सगळ्यांना एकत्र बांधलं की आणखी वेगळा. "कुणाला तरी धरावं लागतं, सूनबाई. एकजण थांबला तरच दुसऱ्याचा वेग बदलतो." मी म्हटलं, मग घरात ते काम माझ्याकडे आलंय म्हणायचं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बांगडी परत दिली.

तिसऱ्या वेगासाठी जुन्या पेटीमागे चाकांचा आणखी एक जोड बसवायचा होता. बाहेरच्याला अठ्ठेचाळीस दात, मधल्याला चोवीस, धाकट्यांना बारा-बारा. चाक लेथवर कातून आणायचे आणि दात स्वतः कानशीने घासून काढायचे. एक दात बिघडला की चाक फुकट. अशी पाच चाकं फुकट गेली. चाकाला धरायचं ते भोवतीच्या पट्ट्याने. ते पट्टे जाड कॅनव्हासचे मी शिवले, दाभणाने, बोटं फुटेपर्यंत. टाका तिरका गेला तर मामंजी उसवायला लावायचे. शाबासकी त्यांना माहीत नव्हती. "चालेल" म्हणाले तर तो दिवस चांगला.

आणि पट्टा आवळायचा तो तेलाने. गाडीचा वेग वाढला की तेलाचा जोर वाढणार, जोर वाढला की एक पट्टा सुटणार, दुसरा आवळणार. गाडीला कळतं म्हणजे तेलाला कळतं. परदेशी पातळ तेल शेठच्या गाडीबरोबरच संपलेलं. इंजिनचं तेल घालून पाहिलं, ते जड झालं. एरंडेल त्याहून जड. गोडेतेल आत चिकटून बसलं. वैशाखातल्या एका दुपारी त्यांनी विचारलं, घरात सगळ्यात पातळ तेल कुठलं? मी बाटली उचलून हलवून दाखवली. "खोबरेल. बघा, पाण्यासारखं आहे." आईकडून घाण्याच्या तेलाचा डबा मागवला.

खोबरेल चाललं. मालक दुपारी जेवायला घरी गेला की तापलेल्या पत्र्याखाली हे दोघे गाडी सुरू करून बघायचे. दिवाळीपर्यंत एकदाही अडलं नाही. गाडीला नुकत्याच न्हालेल्या बाईसारखा वास यायचा, त्यावरून हे चेष्टा करायचे. मामंजींना म्हणायचे, अण्णा, हिची वेणी कोण घालणार? अपघातानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

साहेबाने पौषातला एक दिवस दिला, सकाळी आठला, कल्याणला. तिथे मामंजींच्या बहिणीच्या घरासमोरच मैदान होतं, त्यातच परीक्षा व्हायची. आदल्या दुपारी आम्ही गाडी नेली. चालवत होते हे. लायसन्स नव्हतं, अडवलंही कुणी नाही. मामंजी शेजारी, मी मागे. लाकडी पाय नुसता बाजूला पडून होता, गाडीला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. मुंब्र्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला. गाडीच्या पोटात काहीतरी हललं आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला.

"अण्णा, तिसरा?"

"तिसरा."

ह्यांनी शीळ घातली. ट्रकवर असताना घालायचे म्हणे. मी ऐकली ती एवढीच.

गाडी आत्याबाईंच्या अंगणात उघड्यावर ठेवली. सकाळी बघतो तर टपावरून दंव ओघळत होतं. थंडी कडक पडलेली. मी अंघोळ केली, आत्याबाईंची तेलाची बाटली चुलीशी धरली, तेल सुटल्यावर हातावर घेतलं आणि वेणी घातली. थंडीत रोजच करायचे. हात करत होते, मन मैदानात होतं.

आठ वाजता हे गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. गिअरचा दांडा ओढला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलली नाही. लायसन्ससाठी आलेले वीस-पंचवीस लोक भोवती जमले. साहेब वाईट नव्हता, इतरांचं आटपून तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्याने घड्याळ पाहिलं, पुढच्या महिन्यात या म्हणाला आणि निघून गेला. गर्दीतल्या कुणीतरी म्हटलं, "लंगड्याची गाडीपण लंगडी." लोक हसले. हे उतरले आणि ओट्यावर पाठमोरे बसले.

मामंजींनी पेटीत सळई घालून बाहेर काढली. तिच्यावर तेल पांढरं, तुपासारखं थिजून बसलं होतं. त्यांनी सळईकडे पाहिलं, मग माझ्या वेणीकडे.

"सूनबाई, सकाळी तेल कसं लावलंस?"

"चुलीशी धरून."

"हं," म्हणाले. सळई धोतराला पुसली.

अकरा वाजता ऊन चढलं, तेल सुटलं आणि मामंजींनी इंजिन सुरू करताच गाडी निमूट चालायला लागली. मैदानात कुणी नव्हतं. ह्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "अण्णा, सकाळी काय झालं होतं?"

मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "दात मोजताना मी चुकलो. गारठ्यात अडकले."

मी तिथेच उभी होते. तेल मी सुचवलं होतं, त्याच सकाळी थिजलेलं तेल मी हाताळलं होतं, आणि मी बोलले नाही. भीती वाटली, दुसरं कारण नाही. मामंजींना वाटलं असेल, महिनाभराने गाडी चालेल, मग कोण विचारतंय. पण ह्यांचा आजवर भरवसा होता तो एवढ्याच गोष्टीवर. हे म्हणाले, "दात मोजता येत नाहीत, तर लोकांत माझा तमाशा का केला?" त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत.

पुढच्या महिन्यात मामंजींनी पेटीखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची सोय केली. सकाळी सातला गाडी तयार होती. ह्यांनी घरातून पाय बाहेर टाकला नाही. मालकाने दोन महिने वाट पाहिली, मग ती पेटी काढून गाडीला क्लच बसवला. हे बाजारात छत्र्या दुरुस्त करायला बसले. बापलेकांची ताटं शेजारी शेजारी असायची आणि बोलणं माझ्यामार्फत. मीठ हवं असलं तरी, अण्णांना सांग. मामंजींनी चाकं मोजणं सोडलं. शेजारचा घड्याळ घेऊन आला तर म्हणाले, दुसऱ्याकडे न्या, माझा भरवसा नाही.

तीन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. हे बाजारात गेलेले असताना मी विचारलं, आता सांगू का ह्यांना? मामंजी म्हणाले, "नको. इतकी वर्षं एकाला धरून ठेवलंय. आता सोडलंस तर तुमचं दोघांचं उलटं फिरेल." त्याच आठवड्यात गेले. ह्यांनी अग्नी दिला, रडले नाहीत.

हेही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जाईपर्यंत ते म्हणायचे, अण्णांचं सगळं बरोबर होतं, मोजणी तेवढी चुकली. मी ऐकून घ्यायचे.

बाहेरचं मोठं चाक माझ्याकडे आहे. गरम पातेलं टेकवायला बरं पडतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मोजता येतं. काल घासून ठेवताना पुन्हा नखाने मोजले. अठ्ठेचाळीस.