पत्रकातून खोडलेली ओळ

मुळंच नसलेलं उसाचं बेट तुम्ही कधी हातात धरलं आहे का?

मी धरलं आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी, श्रीपूरच्या बाजूला, आत्याच्या रानात. पिवळं पडलेलं एक बेट मी सहज ओढलं आणि ते अलगद वर आलं. खाली मुळं खाणारी हुमणी होती. बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या, अंग वळवून पडलेल्या अळ्या. शेपटाकडच्या पातळ कातडीतून आत भरलेली काळी माती दिसत होती. एक उचलली, तर तिनं माझ्या तळहातावर घाण केली. गलेलठ्ठ आणि जिवंत.

तोवर त्या मरायला हव्या होत्या. हुमणीला मारणारी एक बुरशी असते, मेटारायझियम नावाची. तिची भुकटी पुड्यात मिळते. शेणखतात मिसळून किंवा पाण्यातून ती उसाच्या मुळाशी द्यायची. बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते, तिला आतून खाते. मेलेली अळी कडक होते, मग हिरवी पडते, आणि तिच्यावरची बुरशी पुढच्या अळीची वाट बघत मातीत राहते. हे सगळं आत्याला मीच सांगितलं होतं. छापून सांगितलं होतं.

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मोर्चांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं सायकलवरून वाटत. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. त्यामुळे छापलेलं वाक्य म्हणजे दिलेला शब्द, असं मला वाटत आलं आहे. हुमणीचं पत्रक मी त्याच विश्वासानं लिहिलं. छपाईचा खर्च करायची तयारी एका खताच्या दुकानदारानं दाखवली. मजकूर वाचता वाचता त्यानं चहा मागवला आणि खिशातला पेन काढला.

"ताई, ही ओळ कशाला?"

ओळ अशी होती : ही बुरशी जिवंत आहे, तिच्यात बुरशीनाशक मिसळू नका.

"कारण ती मरेल," मी म्हणाले.

"मरेल की. पण लोक मर रोगाला बुरशीनाशक माझ्याकडूनच नेतात. खाली माझ्या दुकानाचं नाव, अन् वर माझाच माल घालू नका? कुणी विचारलं तर मी तोंडी सांगतो की."

त्यानं ओळ खोडली. मी चहा प्यायले. चहात साखर फार होती, एवढंच मी त्या दिवशी मनात धरलं.

बेट उपटलं त्या दिवशी आत्याच्या बांधावर आळवणीचा, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतायचा, निळा ड्रम पालथा पडला होता. शेजारी दोन तऱ्हेचे रिकामे पुडे होते. एक मेटारायझियमचा, दुसरा बुरशीनाशकाचा.

"आत्या, हे दोन्ही एकाच ड्रमात घातलंस?"

"व्हय. हुमणी बी हुती, मर बी हुती. दोनदा आळवणी कोन करनार? मजूर एकदा मिळाला तरी लई झालं."

"अगं, एक बुरशी हाय, दुसरं बुरशी मारायचं औषध."

तिनं पदराच्या गाठीतून माझं पत्रक काढलं. चारदा घडी घातलेलं, हळदीचे डाग पडलेलं.

"ह्यात कुटं लिवलंय मिसळू नगा? तीनदा वाचून घेतलंय मी. तुजं हाय म्हनून दुकानदाराला बी इचारलं न्हाय."

मी कागद वाचला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याचीच मला अजून शिसारी येते. दुकानदाराला तोंड तरी होतं. त्याला विचारता आलं असतं. माझ्या कागदानं आत्याला विचारायचीही गरज ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. तो बिलं फाडत होता. "चुकीचं काय छापलंय, दाखवा की," म्हणाला, आणि मला बसायला स्टूल पुढे केलं. त्याच्यामागच्या फळीवर तेच दोन पुडे शेजारी शेजारी लावलेले होते. मी बसले नाही. पण पेन त्याच्या हातात असताना मी बसले होते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

तोवर अळ्या मोठ्या झाल्या होत्या. बुरशी पुन्हा दिली, पण ती सावकाश काम करते. आत्यानं रानाचा खालचा तुकडा जनावरांसाठी कापला. मग मला भाकरी वाढली, आणि ती गिळताना मला माझीच किळस येत होती.

ती पत्रकं माळशिरस, पंढरपूरकडच्या गावांत अजून आहेत. कुणाच्या डब्यात, कुणाच्या कॅलेंडरमागे. तुमच्या घरात किंवा शेजारी हुमणीचं असं एखादं पत्रक असेल, माझं किंवा कुणाचंही, तर ते बाहेर काढा. मिसळू नका ही ओळ त्यात नसेल तर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि यंदा ड्रम कालवणाऱ्या माणसाला ती मोठ्यानं वाचून दाखवा.