गोखरूवाले मामा

अख्ख्या सोलापुरात लोकांच्या लघवीची इतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस झाला नाही आणि व्हायचाही नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, एकटे, आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहणारे. लांबच्या गाड्यांवर पाय आवळून बसलेले प्रवासी जन्मभर पाहिल्यामुळे जगातली निम्मी दुखणी अडवून धरल्याने होतात आणि उरलेली निम्मी पाणी कमी प्यायल्याने, असं त्यांचं ठाम मत. लोक भेटल्यावर 'बरं आहे ना?' विचारतात, मामा विचारायचे, "जाऊन आलात काय?" माझ्या मेव्हणीच्या लग्नात तर कहरच झाला. अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा खाकरलेला, आणि हे नवरदेवाच्या कानाशी, पण मांडवभर ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात, "जावईबापू, जाऊन आलात काय? मंगलाष्टकं लई लांबतात की!" नवरदेव लालबुंद झाला. पण खोटं कशाला बोलू, तो गेला. मुहूर्त थोडक्यात वाचला.

चैत्र तापला की गल्लीत कुणा ना कुणाला उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची आणि मामांच्या अंगात वारं शिरायचं. जुनी रबरी चप्पल घालून ते माळावर तरातरा फेऱ्या मारायचे आणि घरी येऊन चपलेच्या तळव्यात रुतलेले गोखरूचे काटे चिमट्याने उपटत बसायचे. "दुकानातला गोखरू झोपलेला असतो. हा टोचतोय, म्हणजे जागा हाय," हे त्यांचं शास्त्र. कुणाची सायकल पंक्चर झाली तर पंक्चरवाल्याच्या आधी मामा हजर, काटा ताब्यात घ्यायला! खडा झालेल्याला कुळथाचं कढण, आग होणाऱ्याला रात्रभर भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी, आणि गोखरूचा काढा सगळ्यांनाच. बसणं म्हणून माहीत नाही. आमच्याकडे आले की आधी माठाचं झाकण उचलून आत डोकावायचे आणि पाणी उतरलेलं नसलं की बायकोला फैलावर घ्यायचे. ते दारात दिसले की मी गुपचूप तांब्याभर पाणी मोरीत ओतून द्यायचो. दुष्काळाच्या साली मात्र हे नाटक चाललं नाही. लोक पाणी पुरवून पुरवून पीत होते आणि उन्हाळीने तळमळत होते. तेव्हा समोरच्या हातमागवाल्यांच्या नरसम्माबाईंना मामांनी आपल्या वाटणीच्या घागरीतून रोज धन्याचं पाणी करून दिलं. स्वतः किती प्यायचे, देव जाणे.

आणि अशा माणसाचीच एका सकाळी आमच्याकडची रोजची फेरी चुकली. बायको आत-बाहेर करायला लागली, "अहो, बघून या ना, मामा अजून कसे आले नाहीत?" मी गेलो, तर मामा खोलीत येरझाऱ्या घालताहेत, अंगाला दरदरून घाम, धोतराखाली ओटीपोटावर वाफवलेल्या पळसाच्या फुलांचं फडकं बांधलेलं, आणि हातात धन्याच्या पाण्याचा तांब्या.

"काय न्हाय हो, पाठीत उसण भरलीया," म्हणाले.

"मामा, जाऊन आलात का?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. कालपासून लघवी झालीच नव्हती. आणि पहाटेपासून हा गृहस्थ तांब्यावर तांब्या पीत होता! "वरनं जोर लावला की वाट मोकळी होती," म्हणे. मी त्यांच्या हातातून तांब्या हिसकावला. "दवाखाना नको, जावईबापू. गल्लीला कळलं तर तोंड कुटं दाखवू?" त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मला राग आला, रडूही आलं. टांगा बोलावला. प्रत्येक खड्ड्याला मामा डोळे मिटायचे.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आजोबा, खालची वाट बंद आणि वरनं पाणी ओतताय?" आतली प्रोस्टेटची गाठ सुजली होती. नळी घातली, तेव्हा मामांच्या जिवात जीव आला. पण चार दिवसांनी नळी काढल्यावर आपोआप झाली तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनची मामांना भारी धास्ती. त्यांचे थोरले भाऊ टेबलावरून परत आले नव्हते.

नळी काढली त्या दिवशी अर्धी गल्ली दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. टांगेवाल्याने गाव गोळा केलं होतं. मामा भिंतीला धरून संडासात गेले आणि दार लागलं. बायको बांगड्या फिरवत बसली, मी इकडून तिकडे फिरत होतो, नर्स ओरडत होती, "बसा हो एका जागी!" कोण बसतंय!

दार उघडलं. मामा बाहेर आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. विचारायचं धाडस कुणालाच होईना. शेवटी नरसम्माबाई पुढे झाल्या. "मामा, जाऊन आले काय?"

मामांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग त्याच कंडक्टरी आवाजात म्हणाले, "आलो की!" आणि पोरासारखे रडायला लागले.

त्यानंतरही मामा बरीच वर्षं माळावर फिरले. आता ते नाहीत. गावाला निघताना पिशव्या उचलून होतात, कुलूप हातात असतं, तरी आम्ही दोघं दारात उगाच घुटमळतो. मग बायकोच हळूच विचारते, "जाऊन आलात का?" आणि मी पिशवी खाली ठेवून, लागलेली नसली तरी, जाऊन येतो.