पिशवीतली कॉफी

सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये आमच्या ब्लॉकमधले ते निवृत्त मरीन इंजिनीअर हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊच्या स्टॉलांवर, नेहमी दोन काळ्या कॉफी घेत. एक तिथेच पीत, दुसरी इथल्या रीतीने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी नेत. मला वाटे, वहिनींसाठी.

इथल्या मराठी कुटुंबांना ते मोडी लिपीतले जुने कागद मिळवून देत. आमच्या पूर्वजांची सनदही त्यांनीच आणली. ती मी फ्रेम करून हॉलमध्ये लावली, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मिरवली.

परवा मी आणि ते एक जर्मन विनोदी सिनेमा बघायला गेलो. त्यात एक भामटा हुकूमशहाच्या खोट्या डायऱ्या लिहून विकतो आणि भलेभले त्या डोळे मिटून विकत घेतात. सगळं थिएटर हसत होतं, इंजिनीअरसाहेब मात्र नाही. कागद जुना दिसावा म्हणून भामटा त्यावर चहा ओतायला लागला, तसे ते वैतागून पुटपुटले, "चहा नाही हो, कॉफी! चहाचा डाग लालसर पडतो, बरं का."

मला पिशवी आठवली. बाहेर आल्यावर विचारलं, "आमची सनद?"

"तुम्हाला मोडी वाचता येते?"

"नाही."

"मग खरीच आहे, बरं का."

घरी येऊन फ्रेम उतरवायला हात वर केला. रविवारी होणारे व्याही मुद्दाम ती बघायला येणार होते. फ्रेम जरा कलली होती. मी ती सरळ केली.