उभय पक्षांस मोकळीक

खोपोलीतील म्हातारी माणसे फुटबॉलच्या खेळास ‘लाथाळी’ म्हणत. नवप्रभात क्रीडा मंडळाचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना हे नाव खेळापेक्षा मंडळालाच अधिक शोभते असे वाटे. या मंडळात चंदर काशिनाथ गायकवाड यांनी पगारी शिक्षक म्हणून काही वर्षे काढली.

चंदरमास्तर खालापूरच्या बाजूचे. त्यांच्या वाडीने छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ते लष्करात होते. तेथेच ते पलटणीच्या संघातून फुटबॉल खेळले. गुडघा दुखावला म्हणून घरी आले आणि पाताळगंगेच्या काठच्या एका कारखान्यात पहारेकरी झाले. फार मोठे तंत्र त्यांना अवगत होते असे नाही. जीभ तर इतकी तिखट, की त्यांच्या बोलण्याने रडलेले खेळाडू मला माहीत आहेत. पण त्यांच्या हाताखाली खेळाडू वेळेवर येत, दमेपर्यंत पळत आणि हरल्यावर एकमेकांच्या अंगावर जात नसत. आधीच्या शिक्षकांना यांपैकी एकही गोष्ट साधली नव्हती. ज्या माणसाला लहानपणी शाळेच्या मैदानाबाहेर उभे केले जाई, त्याला आता कुणबी, आगरी, मराठे, सारेच ‘मास्तर’ म्हणू लागले. मास्तरांनी हा शब्द वरकरणी कधी मिरवला नाही. आतून मात्र ते त्याला फार जपत.

मंडळाचे अध्यक्ष कमळाकरशेठ हे भातगिरणीचे मालक. फुटबॉलमध्ये चेंडू गोल असतो, यापलीकडे त्यांना त्या खेळाचे ज्ञान नव्हते. परंतु अध्यक्षाची खुर्ची मैदानाच्या मध्यरेषेसमोर मांडतात, हे ज्ञान पक्के होते. आधीच्या शिक्षकास त्यांनी भर सामन्यात हाताला धरून बाहेर काढले होते. ही हकीकत ठाऊक असल्यामुळे मास्तर म्हणाले, “शेठ, मी येतो. पन कागद करा. तुमाला मी नको झालो, तर तुमी मोकळे. मला तुमी नको झालात, तर मी मोकळा.”

शेठना हसू आवरेना. “तू आम्हांला सोडणार? अरे चंदर, तुला धरलंय कोणी?”

“धरलं नाय, म्हनून तर सोडायची भाषा आताच करून ठेवू.”

शेठना ही मोठी गंमत वाटली. त्यांनी मंडळाचे चिटणीस सहदेव यांच्याकडून करार लिहून घेतला. त्यात कलम होते: ‘भाद्रपद महिन्याच्या अखेरीपर्यंत उभय पक्षांपैकी कोणासही, कारण न देता, लेखी कळवून या करारातून मोकळे होता येईल. तसे न झाल्यास करार पुढील वर्षासाठी आपोआप चालू राहील.’ पावसाळी सामने भाद्रपदापर्यंत उरकत, म्हणून तो महिना धरला होता. शेठनी न वाचताच सही केली. मास्तरांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि मग सही केली.

घरी त्यांच्या पत्नी विठाबाई म्हणाल्या, “लग्नाच्या आदीच काडीमोड लिवून घेतली म्हना की.”

“दोघांच्या हातात काडी असली, म्हंजे कोन उगाच मोडत नाय,” मास्तर म्हणाले. हा त्यांचा अंदाज काही काळ खरा ठरला.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात मंडळाचा संघ जिल्ह्याच्या ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि अलिबागेत एका गोलने हरला. तोवर या मंडळाला अलिबागेत कोणी ओळखतही नव्हते. कारखान्यांतील कामगारांनी मास्तरांना स्टेशनपासून वाजत-गाजत आणले. ही मिरवणूक शेठच्या डोळ्यांत खुपली. त्याच सुमारास त्यांचा भाचा मुंबईहून व्यायामशिक्षणाचे प्रमाणपत्र घेऊन आला होता. त्याचे बूट इतके पांढरे होते, की खोपोलीच्या चिखलात ते पाऊल टाकतील अशी शंका कोणाला आली नाही. पुढल्या वर्षापासून संघ भाच्याकडे द्यावा, असे शेठनी मनात ठरवले.

करारात वाट होतीच. शेठनी भाद्रपदात चार ओळी लिहिल्या असत्या, तर मास्तर मोकळे झाले असते. परंतु गणपतीची वर्गणी कामगारांकडून यायची होती. मिरवणुकीतून आणलेल्या माणसाला काढले असे लोक म्हणतील, याचे शेठना भय. म्हणून मास्तरांनीच तोंड उघडावे आणि आपण जड अंतःकरणाने मान हलवावी, अशी त्यांची इच्छा होती. कलम उभय पक्षांसाठी होते. ते वापरण्याची लाज मात्र शेठना एकाच पक्षाच्या माथी मारायची होती.

मग भाद्रपद लागताच त्यांचे राजकारण सुरू झाले. चेंडूंच्या खोलीची किल्ली हरवली. ती शेठच्या कंबरेला लटकते आहे, हे अवघी खोपोली पाहत होती. मांडवाचे उरलेले बांबू आणि फळ्या नेमक्या गोलच्या तोंडाशी टाकण्यात आल्या. गणपतीसमोर खेळाडूंचा सत्कार झाला, तेव्हा मास्तरांना पाठीमागे चपलांजवळ जागा मिळाली आणि हार भाच्याच्या गळ्यात पडला. भाच्याने अंतिम सामना पाहिलासुद्धा नव्हता.

संघाचा कर्णधार गजा हा आगरी तरुण, पाइपांच्या कारखान्यात कामाला. तो मागे येऊन म्हणाला, “मास्तर, हार चुकून तिकडं गेला वाटतं.”

“हाराला डोळं नसत्यात रं,” मास्तर म्हणाले. “घालनाऱ्याला असत्यात. पन त्यो वर्गणीच्या पेटीकडं बघत व्हता.”

बोलणे असे ताठ असले, तरी घरी आल्यावर मास्तर न जेवता बसून राहिले. विठाबाईंनी ताट पुढे सरकवले.

“सोडा की त्यो नाद. नोकरी हाय तुमची. कुनाच्या चपलांत बसायची गरज काय?”

“सोडीन. पन आता सोडलं तर काय म्हनतील?”

“काय म्हनतील?”

“मास्तर पळाला म्हनतील. नि मास्तर बी म्हननार नाय. चंदर पळाला म्हनतील.”

विठाबाई म्हणाल्या, “मंग जेवा. उपाशी मानसाला कुनी मास्तर म्हनत नाय.”

मास्तर जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोलपुढचे बांबू स्वतः उचलले नाहीत आणि खेळाडूंनाही उचलू दिले नाहीत. मैदानाच्या दुसऱ्या अंगाला दोन दगड ठेवून सराव घेतला.

अनंत चतुर्दशीला गणपतींचे विसर्जन झाले, पौर्णिमा उलटली आणि पितृपक्ष लागला. तेव्हा कुठे शेठना जाग आली. मास्तर काही तोंड उघडत नाहीत आणि महिना सरत चालला आहे. आता आपणच लिहिणे भाग होते. पण पितृपक्षात शेठ नवा सदरा अंगाला लावीत नसत, मग भाच्याची नेमणूक कशी करणार? आणि एखाद्याला काढण्याच्या कागदावर सही करून, तो अपशकुन वडिलांच्या श्राद्धाच्या पंधरवड्यात घरात आणण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. हेच वडील हयात असताना शेठनी त्यांना गिरणीच्या मागच्या खोलीत ठेवले होते आणि त्यांच्या खोकल्याचा त्रास होतो म्हणून मधले दारही बंद केले होते. जिवंत बापाची पर्वा नाही आणि मेलेल्या बापाची धास्ती, अशी त्यांची पितृभक्ती होती.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी, कावळ्याला वाढून आणि स्वतः पोटभर जेवून, शेठ छत्री घेऊन मैदानावर आले. बरोबर सहदेव आणि हातात एक लिहिलेला कागद. सराव चालू होता. सारे थांबले.

गजाने हात जोडले. “शेठ, कावळा शिवला का?”

“शिवला, शिवला.”

“लवकर शिवला. कायतरी इच्छा राहिली आसंल असं वाटलं व्हतं.”

दोघे-तिघे हसले. शेठनी तिकडे न पाहता मास्तरांना बाजूला बोलावले. पण चिखलात फार बाजूला जाता येईना, म्हणून सर्वांना सारे ऐकू आले.

“चंदर, तुमच्यात आता पितृपक्ष पाळत नाहीत ना?”

“नाय पाळत.”

“मग तुला आज सही करायला काही दोष नाही. तुझ्याच शब्दांत लिहून आणलंय. प्रकृतीच्या कारणानं मोकळं करावं, असं.”

वर्षभर हेच शेठ ‘तुम्ही देवधर्म सोडलात’ असे चारचौघांत ऐकवीत. ते सोडणे आज त्यांच्या कामाला येत होते. मास्तरांनी कागदाकडे पाहिले, हात लावला नाही.

“दोष कायबी नाय, शेठ. इच्छा नाय. माझी प्रकृती बरी हाय. तुमाला मी नको आसंन, तर तुमी सही करा. कलम दोघांनाबी हाय.”

“आज मी कशी करणार? उद्या घटस्थापना. उद्या करतो.”

“उद्या अश्विन लागतो. करार नवा सुरू.”

“हा पंधरवडा कोणी धरत नाही रे. शुभ कामात तो मोजायचाच नसतो. सहदेव, सांग याला.”

सहदेव छत्रीबाहेर भिजत होते.

मास्तर म्हणाले, “कागदावर काय लिवलंय? उभय पक्ष. म्हंजे दोनी पक्ष. उजेडाचा बी नि अंधाराचा बी. तुमीच लिवून घेतलंय, शेठ. आता एक पक्ष मोजायचा नि एक सोडायचा, असं कसं?”

पक्ष या शब्दाचा अर्थ तेथे बाजू असा आहे, हे मास्तरांना चांगले माहीत होते. शेठनाही माहीत होते. पण पंचांगातील पक्ष कराराच्या मधे त्यांनीच ओढून आणला होता. त्यांनी खिशातील पेन काढले. टोपण उघडले. मैदानावर कोणी हलले नाही. मास्तरही कंबरेवर हात ठेवून उभे होते, परंतु त्यांच्या गालाची शीर उडत होती, असे गजा पुढे अनेकदा सांगत असे. एका सहीने ते पुन्हा चंदर होणार होते.

तेवढ्यात गिरणीच्या दिशेने एक कावळा येऊन गोलपुढच्या बांबूंवर बसला. शेठनी त्याच्याकडे पाहिले. मग पेनाचे टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि चिखल चुकवीत निघून गेले. त्यांच्या छत्रीखाली जाण्यासाठी सहदेवांना पळावे लागले.

“काय बघताय रं?” मास्तर खेळाडूंवर ओरडले. “पाय हायेत ना तुमाला? पळा.” त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. खेळाडू निमूटपणे पळू लागले.

करार आपोआप चालू राहिला. भाचा मुंबईस परत गेला, बुटांसह. आणि दसऱ्याच्या दिवशी, सोने वाटण्यासाठी मंडळाने मैदानावर सभा भरवली, तेव्हा कमळाकरशेठ उभे राहून म्हणाले की, चंदरमास्तरांना सोडण्याचा अधिकार मंडळास असूनही, गुणांची कदर म्हणून, आम्ही तो वापरला नाही. ‘मास्तर’ हा शब्द त्यांच्या तोंडून जाहीरपणे प्रथमच निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर या वेळी पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शेजारी गजा हाताची घडी घालून बसलेला दिसला, तेव्हा त्याला कोपराने ढोसून ते एवढेच म्हणाले,

“वाजव रं. ह्याची वर्गनी नाय लागत.”