ताई आहेच

'आहे'ला एक 'च' चिकटवला की माणसाचं सामान होतं. पटत नसेल तर ताईला विचारा. वडिलांचं दुखणं निघालं, त्यांच्या उशाशी कोण बसणार? ताई आहेच. मधल्या भावाच्या पोरांना शाळेत कोण सोडणार? ताई आहेच. पाहुण्यांचा स्वयंपाक, भावजयीच्या माहेरचे पडदे, गच्चीवरची टाकी धुणं, सगळ्याला ताई आहेच. म्हणणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं हो! उलट कौतुकच असायचं. भिंतीवर पंखा असतो तशी घरात ताई होती. बटण दाबायचं, की झालं काम.

तिचं शिलाई मशीन जिन्याखालच्या बोळात होतं. पँट आखूड करणं, चेनी बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर काढून नवं घालणं, हा तिचा धंदा. तिथेच तिची गादी दिवसभर गुंडाळून ठेवलेली असायची. लग्नाचं म्हणाल, तर विषय निघाला होता. एकदा नव्हे, बऱ्याचदा. पण दर वेळी कुणाचं तरी आजारपण आडवं आलं, आणि पुढे विषय निघायचाच बंद झाला. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी त्या घरातल्या कुठल्याही खोलीला 'ताईची खोली' असं कुणी म्हटलं नाही.

मग धाकट्या भावाला शहरात नोकरी लागली. धाकटा म्हणजे बाळ्या. लिफ्ट दुरुस्त करतो, डोक्यावर टक्कल पडलंय, पण नाव अजून बाळ्याच. बायकोही नोकरी करणारी. दोघांनी पाचव्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं आणि खोक्यांच्या ढिगात बसून मधल्याला फोन केला, की आता हे सगळं लावायचं कुणी?

"अरे, माझं डोकं कशाला खातोस?" मधला म्हणाला. "ताई आहेच की!"

झालं. ताईने मशीनचं वरचं धूड चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. एवढं ओझं कशाला, असं भावजयीने विचारलं, तेव्हा म्हणाली, "पडदे लागतील ना त्यांना."

आणि लागलेच. नव्या घराच्या खिडक्या म्हणजे नुसती दारंच होती! जुने पडदे वीतभर तोकडे पडले. ताईने गळ्यात टेप अडकवली, स्टुलावर चढून मापं घेतली आणि प्रत्येक पडद्याला खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडली. ओटा उंच होता, म्हणून चवड्यांवर उभी राहून स्वयंपाक केला. खोकी रिकामी झाली, भांडी मांडणीवर चढली, लाईटचं कुठलं बटण कशाचं ते बाळ्याच्या आधी ताईला पाठ झालं. धाकटी भावजय गळ्यात पडून म्हणाली, "ताई, तुम्ही नसतात तर आम्ही खोक्यांतच संसार केला असता!" ताई खूष झाली. कौतुक कुणाला नको असतं?

पडद्यांच्या कड्या आणायला ती खाली उतरली, तर कोपऱ्यावरच्या लाँड्रीत एक गिऱ्हाईक आवाज चढवून भांडत होतं. त्याला संध्याकाळी पँट हवी होती आणि लाँड्रीवाल्या बाईंचा शिंपी काम सोडून गेला होता. ताईला असं काम अर्धवट पडलेलं बघवत नाही. "द्या इकडे," ती म्हणाली, आणि तिथल्या मशीनवर बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पँट आखूड करून दिली.

"हात चांगला आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "रोज याल का?"

"घरी विचारून सांगते," ताई सवयीने बोलून गेली. जिना चढताना तिला हसू आलं. घरी म्हणजे नक्की कुणाच्या घरी? हसू आलं खरं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची लाँड्रीत जाऊ लागली. बाई तिला नावाने हाक मारायच्या. तिचं स्वतःचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं, की पहिल्यांदा तिने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

एका रविवारी मधल्याचा फोन आला. बाळ्याने तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. ताई शेजारीच उशीच्या अभ्र्यांना बटणं लावत बसली होती.

"ताईला आता पाठव," मधला म्हणाला. "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. इथे बघणार कोण?"

"असं कसं पाठवू?" बाळ्या म्हणाला. "आमच्याकडे पाळणा हलणार आहे. मी तर डॉक्टरांनाही सांगून बसलोय, घरी ताई आहेच म्हणून."

"ती काय तुझ्या एकट्याची आहे?"

"मग तुझ्या एकट्याची आहे?"

"बरं, भांडू नकोस. आधी ऑपरेशनला माझ्याकडे, मग बाळंतपणाला तुझ्याकडे. झालं?"

"चालेल," बाळ्या म्हणाला.

ताईच्या हातातली सुई थांबली. दोघांचा आपल्यावर जीव आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला असा संताप आला, की कानशिलं तापली. भांडले काय, मिटवलं काय! ती तिथे बसली होती. हाडामासाची, डोळ्यांना चष्मा लावून.

"ताई नाहीये," ती म्हणाली.

"काय?" फोनमधून आवाज आला.

"ताई नाहीये," ती फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली.

"नाहीये म्हणजे? गेली कुठे? आणि हे बोलतंय कोण?"

बाळ्याला हसू फुटलं, पण ताईचा चेहरा बघून ते विरलं.

"मीच बोलतेय. ताई तुझ्याकडे नाहीये आणि ह्याच्याकडेही नाहीये. ऑपरेशनला येईन, बाळंतपणालाही येईन. पण विचारा मला! ताई, येशील का, एवढं विचारायला काय तोंड दुखतं तुमचं?"

मधल्याने फोन ठेवून दिला. बाळ्या गाल फुगवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. ताईने राहिलेली बटणं लावली, उठली आणि थेट लाँड्रीत गेली. दुकानाच्या वर एक खोली होती. जुनी खोकी, मोडकी इस्त्री असलं काहीबाही तिथे पडलेलं असायचं.

"वरची खोली भाड्याने द्याल का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी," ताई म्हणाली. म्हणताना जीभ अडखळली.

बाईंनी किल्ली काढून दिली. ताईने खोली धुतली, एक लोखंडी खाट आणली, मशीन खिडकीशी लावलं. पहिल्या दिवशी हाताच्या सवयीने घरभराला पुरेल एवढा भात टाकला आणि पुढे किती वेळा तोच परतून खाल्ला ते तिचं तिला माहीत. कापडाच्या दुकानात पडदा घ्यायला गेली, तर मुलीने विचारलं, "कुठला रंग दाखवू?" ताई म्हणाली, "त्यांना निळा..." आणि थांबली. त्यांना म्हणजे कुणाला? आयुष्यभर दुसऱ्यांचे पडदे शिवलेली बाई, स्वतःला कुठला रंग आवडतो ते तिला सांगता येईना. तशीच परत आली. काही दिवस खिडकी उघडी राहिली. मग एकदा जाऊन तिने भडक पिवळं, मोठ्या फुलांचं कापड घेतलं. मधल्या भावजयीने बघताक्षणी नाक मुरडलं असतं, असं!

पण भावांनी अबोला धरला तो धरलाच. मधला फोन उचलेना. बाळ्याची इमारत समोर दिसायची, तरी तो लाँड्रीवरून मान खाली घालून जायचा. ताईचा जीव तुटायचा. त्या दोघांखेरीज तिला होतं कोण? मशीन चालवता चालवता मनात यायचं, आपलं चुकलं का? एवढंसं काय ते विचारणं, त्यासाठी हातची माणसं घालवायची? आज जाते आणि माफी मागून टाकते, असं ती रोज ठरवायची. एकदा चपलाही घातल्या होत्या. काढून ठेवल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि दाराशी थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं, बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. आजवर ताई जिथे असेल तिथे ही पोरं अशीच घुसत आली होती. ती झोपलेली असो, जेवत असो, की वडील गेले तेव्हासारखी तोंडात पदर कोंबून रडत असो.

"ताई," बाहेरून बाळ्याचा आवाज आला. "आत येऊ का?"

उत्तर सोपं होतं, पोरगं दाराशी ताटकळत होतं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. हे उत्तर द्यायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

"काय म्हणालास?" तिने विचारलं. तिला स्वच्छ ऐकू आलं होतं.

बाळ्याने घसा खाकरला आणि पुन्हा, मोठ्याने विचारलं.