छायाने पुन्हा लावलेला मळा

मखमलाबादच्या शिवारातला भिमाजींचा गुलाबाचा मळा विकला गेला, तेव्हा त्यांची मुलगी छाया कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कुणी भांडलं नाही, कुणी फसवलंही नाही. वाटण्या झाल्या, भिमाजींच्या वाट्याच्या पट्ट्यात विहीर येईना, म्हणून भावांपाठोपाठ त्यांनीही सही केली. मळ्याचे प्लॉट पडले आणि घर पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर आलं. सवयीने भिमाजी पहाटे उठत, गॅलरीत उभे राहत आणि उजाडलं की आत येऊन बसत. करायला काही उरलं नव्हतं.

छाया एका संगणक वर्गात एमएस-सीआयटी शिकवू लागली. दिवसभर लोकांना माउस धरायला शिकवायचं, फाइल सेव्ह करायला लावायची. तिला खरी गोडी प्रोग्रॅम लिहिण्याची, पण तिथे ते कुणाला हवं होतं? धाकटा भाऊ ओम बहरीनला नोकरीला गेला, तो जाताना आपली पीएसपी तिच्या हवाली करून गेला. हातात धरून खेळायचं ते गेमचं यंत्र त्याने फार हौसेने घेतलं होतं. "ताई, तिकडे खेळायला वेळ नसतो म्हणतात. सांभाळ हिला," म्हणाला.

एका रविवारी छायाने ती सहज चालू केली. ओमची गाड्यांच्या शर्यतीची गेम लागली. शर्यत सोडून तिने गाडी रस्त्याच्या कडेला नेली आणि पडद्यावरच्या खोट्या गवताकडे बघत बसली. या गवतात जाता येतं, तर आपल्या मळ्यात का जाता येऊ नये, असं तिच्या मनात आलं, आणि मग ते जाईना.

इंटरनेटवर शोधल्यावर कळलं, की स्वतः लिहिलेली गेमही पीएसपीवर चालते. मात्र कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर ती चालू देत नाही. त्याच्या जागी हौशी लोकांनी बदललेलं सॉफ्टवेअर घालावं लागतं. त्याला कस्टम फर्मवेअर म्हणत. घालताना मधेच काही चुकलं, तर यंत्र पुन्हा उठत नाही. तिने ओमला फोन करून विचारलं.

"वीट होते तिची," ओम म्हणाला. "कंपनीवालेही हात लावत नाहीत मग. पण एवढं काय चालवायचंय तुला?"

"आपला मळा."

पलीकडे ओमने चालू असलेला टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, "कर. घाई तेवढी करू नकोस."

आधी मळा उभा करायचा होता. वर्ग सुटल्यावर ती तिथल्याच संगणकावर बसे. विहीर आठवत होती, जांभळाचं झाड आठवत होतं, पण गुलाबाच्या ओळी कुठून कुठे जात ते नीट जुळेना. आबांना, म्हणजे भिमाजींना, विचारायचा धीर झाला नाही. आई, कलाबाई, गवार मोडत बसली होती, तिला विचारलं.

"काय करायचंय आता त्याचं?" कलाबाई म्हणाल्या. "काट्यांनी हात सोलून निघायचे माझे. सुटले एकदाची." पण थोड्या वेळाने त्यांनी गवारीच्या शेंगा फरशीवर ओळीने मांडायला घेतल्या. "ही विहिरीकडची. हिथं पाट. अन् ह्या ओळीत फुलं लय यायची, पर लवकर गळायची." छाया बघत राहिली. आईचे हात शेंगा मांडत होते आणि ओळ वाकडी झाली की पुन्हा सरळ करत होते.

गेम तयार झाली, मग ती पीएसपीकडे वळली. आधी बॅटरी काढून तिच्याखालचा मॉडेल नंबर पाहिला, मग सेटिंगमध्ये जाऊन आत कुठलं व्हर्जन आहे ते पाहिलं. उतरवून आणलेली फाइल वेगळ्याच व्हर्जनची निघाली. वर्गातले वाल्मीक सर म्हणाले, "चालतं हो, सगळं सारखंच असतं." तिलाही मोह झाला. एवढे दिवस थांबलो, आता आणखी किती थांबायचं? पण ओमचा आवाज आठवला आणि तिने यंत्र बंद करून ठेवलं. बरोबर फाइल मिळाल्यावर ती पुरी उतरली आहे ना, हे आधी तपासलं. मेमरी कार्डावरच्या ओमच्या शर्यती संगणकावर उतरवून ठेवल्या. मूळ सॉफ्टवेअरचीही प्रत काढली. बॅटरी पूर्ण भरू दिली आणि वर चार्जरही लावून ठेवला.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने सुरुवात केली. पडद्यावर आकडे पुढे सरकू लागले आणि पंखा थांबला. भारनियमनाची वेळ नव्हती, तरी लाइट गेली. चार्जरचा दिवा विझला.

"बंद पडलं का गं?" कलाबाईंनी विचारलं.

"हात लावू नकोस, आई."

बॅटरी भरलेली होती, आकडे चालत राहिले. मग एकदम पडदा काळा झाला. ओमला काय सांगायचं याची वाक्यं छाया मनात जुळवू लागली. एवढ्यात पडदा उजळला, नेहमीचं चित्र आलं, आणि सेटिंगमध्ये नव्या व्हर्जनचं नाव दिसलं. तिने मळा उघडला. तो उघडला.

संध्याकाळी तिने यंत्र आबांच्या हातात दिलं. कुठलं बटण दाबलं की पुढे जातं, एवढंच सांगितलं. भिमाजींनी ते डोळ्यांजवळ धरलं. पडद्यावरचा छोटासा माणूस फाटकातून आत शिरला आणि पाटाच्या कडेने चालू लागला. पाट ओलांडताना भिमाजींनी बसल्या जागी पाय किंचित उचलला. एका ओळीशी येऊन ते थांबले आणि थांबूनच राहिले.

"अडकलं का, आबा?"

"नाय. वाफा भरू दे."

छायाने गेममध्ये पाणी घातलंच नव्हतं. कलाबाई मागे येऊन उभ्या होत्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर रोज पहाटे भिमाजी गॅलरीत मळ्यात जात. दिवाळीला ओम आला. पहिल्या दिवशी त्याने शर्यत लावली, नंतर लावली नाही. तो परत निघाला तेव्हा भिमाजींनी यंत्र पुसलं आणि त्याच्या बॅगेत घातलं.

"आबा, तुम्हाला नको का?" छायाने विचारलं.

"त्याला तिथं लागंल. वाळूतच तर हाय तो."

पुढचे काही दिवस आबा पहाटे रिकाम्या हाताने उभे असलेले पाहून छायाचा जीव तुटे. दुसरं यंत्र आणते म्हटलं, तर नको म्हणाले. मग एका शुक्रवारी ओमचा फोन आला.

"ताई, जांभळाच्या मागून शाळेकडे जायला एक वाट होती. तू ती घेतलीच नाहीस."

छायाला ती वाट आठवतच नव्हती. तिने फोन आबांकडे दिला.

"होती ना," भिमाजी म्हणाले. "निरगुडीच्या कुंपणातून. वाकून जावं लागायचं, तू शाळेत जाताना दप्तर अडकायचं तिथं." आणि ते उभे राहून, गॅलरीच्या बाहेर हात करून, ओमला ती वाट सांगत राहिले.